तुकोबारायांची तागडी

फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूस गेलेला वारकरी इंद्रायणीत हातपाय धुतो, देवळात जातो, दुपारी बाराच्या सुमारास नांदुरकीच्या झाडावर फुले उधळली की डोळे पुसतो आणि परतीच्या वाटेला लागतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले. पण अलीकडे देहूस पाय लागला की आमचे मन दुसरीकडेच ओढ घेते. महाराज ज्या दुकानात बसत ते कसे असेल, तागडी कुठे टांगलेली असेल, खतपत्रांची पेटी कोणत्या कोनाड्यात असेल, असले प्रश्न सुचू लागतात.

हे खूळ डोक्यात शिरण्यास एक निमित्त झाले. एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. कीर्तन आटोपल्यावर गावातला एक किराणा दुकानदार पाया पडून बाजूला बसला. गळ्यात माळ, वारी चुकत नाही, एकादशी मोडत नाही. त्याने हळूच विचारले की महाराज, दुकान खोटेपणावाचून चालत नाही असे सगळे म्हणतात. आमच्याही दुकानात थोडेफार तसे चालते. मग ही माळ ठेवावी की दुकान ठेवावे? आम्ही त्याला कीर्तनकार देतो तसले गुळमुळीत उत्तर दिले. नामस्मरण कर, सगळे ठीक होईल, वगैरे. तो मान हलवून गेला. रात्री आम्हाला काही झोप आली नाही. ज्यांच्या अभंगावर दोन तास बोललो ते स्वतः वाणी होते, आणि वाण्याच्या प्रश्नाला त्यांच्याच चरित्रातले उत्तर आम्हाला देता आले नाही, याची लाज वाटली. म्हणून हा लेख.

महाराजांचा जन्म शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ सालचा असे बहुतेक अभ्यासक मानतात. सालाबद्दल वाद आहे, त्यात आम्ही शिरत नाही. आडनाव मोरे, उपनाव आंबिले. आठव्या पिढीतले पूर्वज विश्वंभरबुवा पंढरीचे एकनिष्ठ वारकरी, आणि तेव्हापासून विठोबा देहूत घरचाच झालेला. जात कुणब्याची, व्यवसाय वाण्याचा. हे महाराजांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगून ठेवले आहे. शिवाय घराण्याकडे देहूच्या पेठेची महाजनकी होती. महाजन म्हणजे बाजारपेठेचा वतनदार. वाणीउदम्यांची व्यवस्था पाहायची, त्यांचे तंटे ऐकायचे आणि त्याबद्दल ठरलेला हक्क घ्यायचा. म्हणजे हे घर नुसते दुकानदाराचे नव्हे. चार दुकानदारांनी ज्याच्या ओट्यावर येऊन न्याय मागावा असे ते घर.

वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. सावजींचे मन पहिल्यापासून प्रपंचात नव्हते, त्यामुळे बोल्होबांनी कारभार सोपवला तो मधल्या मुलावर. तेव्हा तुकोबांचे वय तेरा वर्षांचे होते असे परंपरा सांगते. आमच्या कीर्तनात आम्ही बहुतेक जण ही वर्षे ओलांडून पुढे पळतो. श्रोत्यांना वाटते की महाराज जन्मतःच विरक्त, दुकानात बसूनही हातात टाळच. तसे नाही हो! पहिली चार वर्षे त्यांनी दुकान, शेती, सावकारी उत्तम चालवली. अधोली-पायलीचे माप कळत होते, माणसाची पत कळत होती, कोणत्या पेठेत कोणता माल उठतो हे कळत होते. पुढे अभंगांत जे बाजाराचे शब्द येतात, खरे-खोटे नाणे, पारख, माप, भांडवल, उधारी, ते कुणाकडून ऐकून घेतलेले नाहीत. ती त्यांच्या हातची भाषा आहे. दोन लग्ने झाली. पहिली पत्नी रखमाबाई, तिला दम्याचा विकार होता, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई दुसरी केली. घर भरलेले होते.

मग एकामागून एक आघात झाले. सतराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले. थोरल्या भावाची बायको गेली, सावजी तीर्थाटनाला निघाले ते निघालेच. सगळा भार तुकोबांवर. आणि अशा वेळी दुष्काळ आला.

हा दुष्काळ साधा नव्हता. शके १५५१-५२, इ. स. १६३० च्या आगेमागे, गुजरातेपासून दख्खनपर्यंत पाऊस गेला. त्याच सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला. म्हणजे पिकाला पाऊस नाही आणि बाजाराला शहर नाही. वाण्याचा धंदा कशावर चालतो? शेतकऱ्याच्या घरी पीक येते यावर. पीक नाही तर माल नाही, माल नाही तर गिऱ्हाईक नाही, आणि दिलेली उधारी सगळी कागदावर. गुरे मेली, पत गेली, दिवाळे वाजले. रखमाबाई अन्नासाठी टाहो फोडीत गेली. हे महाराजांनी स्वतः लिहिले आहे, आणि चार शब्दांत लिहिले आहे, त्यामुळे ते अधिकच लागते. मुलगा संतोबा गेला. लोकांसमोर तोंड दाखवायची लाज वाटली हेही त्यांनी लपवलेले नाही.

इथे आम्हाला एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. महाराज भक्तीमुळे बुडाले, खरेपणामुळे बुडाले, अशी एक समजूत बाजारात आहे. दुकानदार मंडळी ती मोठ्या प्रेमाने बोलून दाखवतात, कारण तिने त्यांची सोय होते. ती समजूत खोटी आहे. महाराजांना दुष्काळाने बुडवले. त्या सालात खोटे माप घालणारेही बुडाले असतील.

महिपतिबुवा ताहराबादकरांनी या काळातल्या काही कथा दिल्या आहेत. महिपतींचा भक्तविजय १७६२ चा, भक्तलीलामृत १७७४ चे. म्हणजे महाराजांनंतर शंभरावर वर्षांनी त्यांनी लोकांच्या तोंडून ऐकलेले लिहिले. आम्ही पाठशाळेत प्रमाणे शिकलो, त्या शिस्तीने सांगायचे तर महाराजांच्या अभंगाचे प्रमाण निराळे आणि या कथांचे निराळे. तरीही कथा टाकून देण्याजोग्या नाहीत. महाराज मिरच्यांच्या गोण्या घेऊन कोकणात गेले आणि गिऱ्हाईक सांगेल त्यावर विश्वास ठेवून देत सुटले. परत येताना एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेले पितळी कडे सोन्याचे म्हणून गळ्यात मारले. गाव हसले. कीर्तनात हे आख्यान लावले की मंडपही हसतो. पण पाहा, ज्याला फसवता येत नाही तो फसवला जातो असे यातून काढायचे असेल तर ती काही शिकवण नव्हे. दुसऱ्याला फसवू नये हे एक, आणि सोने कसाला लावून घ्यावे हे दुसरे. पारख करणे हे पाप नाही. महाराजांनीच पुढे अभंगांतून पारख न करणाऱ्यांना किती झोडपले आहे!

दुसरी कथा मिठाची. जिजाईने आपल्या नावावर २०० रुपये कर्ज उभे केले. त्या पैशाचे मीठ घेऊन महाराज परगावी गेले, विकून २५० केले. वाटेत एक ब्राह्मण देण्यापायी अडकलेला, शिपाई त्याचे हाल करीत आहेत. महाराजांनी रक्कम त्याला देऊन टाकली आणि हात हलवीत घरी आले. जिजाईने आकांत केला.

आम्ही तीसेक वर्षे हे आख्यान सांगताना जिजाईला कजाग करून मंडप हसवला. आता ते सोडले आहे. कर्ज त्या माउलीच्या नावाचे, सावकार दारात तिच्या उभा राहणार, चूल तिने पेटवायची, आणि दानाचे पुण्य कुणाला? महाराजांच्या दयेला आम्ही कमी लेखीत नाही. दुसऱ्याचे हाल बघून ज्याचा हात थांबत नाही तो महात्माच. परंतु तो पैसा महाराजांचा एकट्याचा नव्हता, हेही तितकेच खरे. या मिठाच्या कथेशेजारी इंद्रायणीकाठची गोष्ट ठेवून पाहिली की काहीतरी निराळे दिसू लागते.

दिवाळे निघाल्यावर महाराजांनी दोन गोष्टी केल्या. घरचे विठोबाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करायचे मनात घेतले. आणि एकादशीला कीर्तनात उभे राहू लागले, संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्याच्या मागे धृपद धरले. मग भामगिरीच्या डोंगरावर जाऊन बसले. परंपरा म्हणते पंधरा दिवस. तिथे त्यांना जे भेटायचे ते भेटले. कान्होबा शोधीत शोधीत डोंगरावर पोचले आणि दोघे भाऊ उतरून इंद्रायणीवर आले. महाराजांनी घरातली खतपत्रे आणवली.

खतपत्र म्हणजे काय हे आता मुलांना सांगावे लागते. कुणब्याने धान्य वा पैसा उचलला की त्याचा कागद होई. त्यावर त्याचे नाव, रक्कम, व्याज, कधी बैल लिहिलेला, कधी शेत. कागद सावकाराच्या पेटीत राही. तो दाखवला की गावात मान्य होई. म्हणजे दिवाळखोर वाण्याच्या घरात आता कोणती संपत्ती उरली होती तर हीच. दुकान पुन्हा उभे करायचे तर भांडवल इथूनच यायचे. वसूल करण्यात बेकायदा काही नव्हते. सारे रीतीप्रमाणे होते.

पण कागदावर नावे कुणाची होती? त्याच दुष्काळातून वाचलेल्या माणसांची. कुणाची बायको गेली असेल, कुणाचे मूल. बैल तर बहुतेकांचे गेलेच होते. आमची समजूत अशी की महाराजांना त्या प्रत्येक कागदात आपलेच घर दिसले असावे. ज्याच्या घरी अन्न अन्न करीत माणूस मेले, त्याने दुसऱ्याच्या दारी जाऊन बैलाची दोरी सोडायची, आणि रात्री येऊन विठोबापुढे उभे राहायचे! एका देहात ही दोन माणसे फार दिवस राहू शकत नाहीत. बहुतेक लोक देवळातल्या माणसाला हळूहळू हाकलतात. महाराजांनी कागदवाल्याला हाकलले.

ते सगळीच खते डोहात टाकायला निघाले होते. कान्होबांनी अडवले. त्यांचे म्हणणे सरळ होते: तुम्ही साधू झालात, मला अजून संसार आहे, बायकापोरे आहेत. महाराजांनी वाद घातला नाही. भावाला भित्रा, लोभी म्हटले नाही. कागदांचे दोन वाटे केले, अर्धा कान्होबांच्या हाती दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला.

आम्ही कीर्तनात नेहमी बुडालेल्या अर्ध्यावर बोलतो. हल्ली आम्हाला दिलेल्या अर्ध्याचे जास्त वाटू लागले आहे. आपल्या तत्त्वाचा खर्च आपल्या वाट्यातून करायचा, धाकट्या भावाच्या वाट्यातून नव्हे, हे त्या घटकेला महाराजांना दिसले. मिठाच्या वेळी ते दिसले नव्हते. मधल्या काळात काय घडले कुणास ठाऊक. जिजाईच्या त्या आकांताचा यात काही भाग असावा असे आपले आम्हाला वाटते. महिपती तसे म्हणत नाहीत, हा आमचा तर्क.

आणखी एक. खते ऋणकोंना परत दिली असती तरी ते सुटले असते. पण मग ते मिंधे झाले असते, वाटेत भेटले की वाकले असते. पाण्याला काही लक्षात राहत नाही. शिवाय माणसाचे मन उद्या फिरते, तंगी आली की दया आटते, आणि पेटीत कागद असला की हात तिकडे जातो. नदीने ती वाटच बंद करून टाकली.

आमच्या गुरुजींनी लहानपणी महाभारतातले, शांतिपर्वातले तुलाधाराचे आख्यान शिकवले होते. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे केले. त्याला अभिमान झाला. तेव्हा त्याला सांगण्यात आले की काशीत तुलाधार नावाचा दुकानदार आहे, त्याची सर तुला नाही. जाजली गेला तर तुलाधार दुकानात वस्तू विकीत बसलेला! त्याचे तप एवढेच की त्याची तुला सर्व प्राण्यांना सारखी. ब्राह्मणाला निराळी, चांडाळाला निराळी असे नाही. पोरवयात आम्ही हे पाठ केले, घोकले आणि विसरलो. तागडी तुळशीमाळेइतकी पवित्र असू शकते हे महाराजांच्या चरित्राशी झोंबत बसलो तेव्हा कुठे ध्यानात आले. माउलींनीही अठराव्या अध्यायात स्वकर्मालाच पूजेची फुले केले आहे, मग ती फुले किडकी वाहून कसे चालेल?

महाराजांनी नंतर दुकान चालवले नाही हे खरे. पण इतरांना दुकान बंद करा असे सांगितले नाही. उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि मन न गुंतवता ते वेचावे, असा त्यांचा गृहस्थाला स्पष्ट उपदेश आहे. त्यांच्याभोवती जमलेली माणसे पाहा ना. चाकणचे संताजी जगनाडे जातीने तेली. महाराजांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, पण घाणा काही विहिरीत टाकला नाही. त्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे. तेल्याने तेली राहावे, वाण्याने वाणी, तेलात भेसळ तेवढी नको.

असो. पुढच्या वर्षी त्याच गावी पुन्हा जाण्याचा योग आला. आम्ही त्या दुकानदाराला मुद्दाम बोलावून घेतले आणि हे सगळे सांगितले. म्हटले, बाबा रे, दुकान ठेव, माळही ठेव. तुझ्या वाट्याचा जो अर्धा आहे त्यात तरी माप पुरे घाल, आणि ज्या उधारीचा तगादा तुला रात्री झोपू देत नाही ती सोडून दे. त्याने शांतपणे ऐकले. मग नम्रपणेच विचारले की महाराजांची या सप्ताहाची बिदागी किती ठरली?

आमची वाचा बसली. कारण कीर्तन विकू नये, जिथे कीर्तन करावे तिथले अन्नसुद्धा घेऊ नये, इतके कडक महाराजांनी सांगून ठेवले आहे, आणि ते आम्ही शेकडो वेळा दुसऱ्यांना सांगितले आहे. स्वतः मात्र तारीख देण्याआधी आकडा ठरवीत होतो. एका दुष्काळी साली एका गावची मंडळी आली होती. पाऊस नाही, वर्गणी जमत नाही, थोडे कमी करा म्हणाली. आम्ही केले नाही. त्यांनी घरोघर फिरून रक्कम पुरी केली. मागाहून कळले की काही घरांनी बियाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे दिले होते. त्या पैशाचे धोतर आम्ही नेसलो, आणि त्याच सप्ताहात महाराजांच्या दुष्काळाचे आख्यान लावून लोकांना रडवले.

दुकानदाराला आम्ही हे सांगून टाकले. तोही मग मोकळा झाला. दुकानातल्या दोन पायल्यांपैकी एक कशासाठी आहे ते बोलला. बराच वेळ आम्ही दोघे देवळाच्या पायरीवर गप्प बसलो होतो.

तेव्हापासून आम्ही आकडा ठरवीत नाही. नारळ मिळो की पाकीट मिळो, ज्याला तारीख दिली त्याच्याकडे जातो. एकादशीच्या कीर्तनाचे काहीच घेत नाही. महाराजांच्या कसोटीला हे अजून उतरत नाही, आम्हाला ते माहीत आहे. तिथले जेवण आम्ही जेवतोच. पण मृदंग वाजवणाऱ्याचे आणि गायकांचे आम्ही मागून घेतो, गाडीभाड्यासकट. घरी पोरेबाळे असलेली माणसे ती. आमच्या वैराग्याचा खर्च त्यांच्या ताटातून करायचा नाही, हे आम्ही त्या अर्ध्या खतांवरून शिकलो. दुकानदारानेही एक पायली मोडून टाकल्याचे कळले. उधारीचे मात्र त्याने काय केले ते आम्ही विचारले नाही.

महाराजांची पुढची हकिगत वाचकांना पाठ आहे. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत केल्याची कथा आहे. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी तरल्या. ज्या नदीत त्यांनी आपण होऊन कर्जाचे कागद सोडले त्याच नदीत लोकांनी त्यांना अभंगांचे कागद सोडायला लावले. कर्जाचे काही वर आले नाहीत. शके १५७१ च्या फाल्गुनात, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, महाराज वैकुंठास गेले असे आपला संप्रदाय मानतो. जिजाई तेव्हा गरोदर होती. नारायणबाबा मागाहून जन्मले, आणि त्यांनीच १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र घेऊन पालखी सुरू केली. महाराज गेल्यावर लेकरांना वाढवले ते जिजाईने. तिला कजाग म्हणून हसणाऱ्या आमच्यासारख्यांनी पालखीबरोबर चालताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आणि कान्होबा? आपला अर्धा वाटा मागून घेणारा तो संसारी धाकटा भाऊ महाराजांच्या जाण्याने इतका कोसळला की देवाशी भांडत, थोरल्या भावाला परत मागत त्याने अभंग रचले. गाथेच्या प्रतींत ते महाराजांच्या अभंगांबरोबर छापलेले सापडतात.